काळ्याखालचा निळा : रंगकामाची पुढची नोंद

मागची नोंद पळसाच्या फुलांच्या पिवळ्या रंगावर थांबली होती. त्यानंतर लोखंडाचा काळा बसला, निळीचा रांजण लागला आणि डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा माझा प्रकल्प याच दोन रंगांभोवती उभा राहतोय. कॉलेजकडून मिळालेलं काम एका ओळीचं आहे : आपली ओळख सांगणारे पाच रंग निवडा आणि त्यांतून एक वस्तू घडवा. वर्गातल्या बहुतेकांनी रंग स्क्रीनवर निवडले. मी ठरवलं की जो रंग मला गावातल्या अंगणात, चुलीवरच्या पातेल्यात किंवा रांजणात स्वतःला काढता येणार नाही, तो या पाचांत घ्यायचाच नाही. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला. सगळी कापसाची काळी जमीन. म्हणून कापडही सुतीच घेतलंय, हातमागाचं कोरं.

आधी काळा, कारण यात सांगण्यासारखं बरंच आहे.

कोरं कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून घेतलं. कापसाच्या तंतूवर मेण असतं, ते निघाल्याशिवाय पुढचं काहीच आत शिरत नाही. पाणी तपकिरी झालं की समजायचं, काम होतंय. मग कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात कापड रात्रभर ठेवलं, सकाळी पिळलं आणि न धुता उन्हात वाळवलं. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला धरून बसतं आणि कापडाला फिकट पिवळसर छटा येते.

लोखंडाचं पाणी आधीच मुरत घातलं होतं. वखराच्या झिजलेल्या पासा (लोखंडी पाती) आणि बैलांच्या जुन्या नाला मडक्यात टाकल्या, वरून गूळ आणि पाणी. गूळ आंबतो, आम्ल तयार होतं आणि लोखंड हळूहळू पाण्यात उतरतं. राजस्थानचे छपाईवालेही काळ्यासाठी असंच पाणी वापरतात. वरचा फेस बसला आणि आंबट वास स्थिर झाला, तेव्हा गाळून घेतलं.

हिरड्याचं पिवळसर कापड त्या पाण्यात सोडलं की हात हलवायच्या आत करडं होतं. बाहेर काढून झटकलं की हवा लागते आणि डोळ्यांदेखत आणखी गडद होत जातं. कारण सोपं आहे : लोखंड आणि टॅनिनची जोडी हवेतला प्राणवायू घेतल्यावरच खरी काळी पडते. म्हणून एकदाच बराच वेळ बुडवून ठेवण्यापेक्षा थोडं बुडवायचं, मोकळं करून हवा द्यायची, पुन्हा बुडवायचं. शेवटी भरपूर पाण्यात धुवायचंच. जादा लोखंड राहिलं तर काही वर्षांत सूत कुजतं. जुन्या छापील कापडांत नेमका काळा भागच विरलेला दिसतो, तो यामुळे.

एवढं करून जो रंग मिळतो तो गडद करडा असतो, थोडा जांभळट. एकटा पाहिला तर काळा वाटतो. वावरातलं ओलं ढेकूळ शेजारी ठेवलं की फरक कळतो.

मातीचा रंग मोजायला कॉलेजच्या एका मॅडमनी मन्सेलची मातीची रंगपुस्तिका दिली होती. मृदाशास्त्रज्ञ तीच वापरतात. त्यात रंगाची जात, उजळपणा आणि तीव्रता असे तीन आकडे असतात. आमच्या वावराची ओली माती १० वायआर ३/१ वर बसली : जात पिवळसर तांबडी, उजळपणा ३. तीव्रता फक्त १, म्हणजे रंग असून नसल्यात जमा. आणि एक गोष्ट मला फार आवडली : या मातीचा काळेपणा भरपूर कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला नाही. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहूनही कमी असतो. बेसाल्ट हा ज्वालामुखीचा खडक झिजून बनलेल्या चिकणमातीला तो थोडासा कर्ब इतका घट्ट चिकटून असतो की तेवढ्यावर सगळं रान काळं दिसतं.

मला तो काळा हवा होता. वर्गात पहिल्या वर्षी स्वतःचं चित्र काढताना रंगपेटीतला ‘स्किन’ नावाचा गुलाबीसर खडू सगळ्यांसारखा मीही उचलला होता. माझ्या हाताशी त्याचा काही संबंध नव्हता. लहानपणापासून काळी म्हणून ज्या सुरात ऐकलंय, तो सूर बाजूला ठेवून तो रंग स्वतः शिजवायचा, हे या प्रकल्पाचं माझ्यासाठी पहिलं कारण आहे.

आजीनं दोरीवरचं कापड पाहिलं आणि म्हणाली, “काहून वं पोरी, सारा काळाच? शुभकार्यात कोनी अंगावर घेईल का हे?”

“आजी, आपलं वावर कोन्या रंगाचं हाय?”

“वावर येगळं, कपडा येगळा,” म्हणाली. पण मग कापड बोटांत चुरून पाहिलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, “धुतल्यावर जाते का?” रंग जात नाही, हे तिला दाखवलं. तेव्हापासून मडक्यातल्या पासा कमी झाल्या की आठवण तीच करते.

आता निळा. आमच्या मोहल्ल्यात घरांच्या भिंती निळ्या. चुन्यात नीळ कालवून दरवर्षी देतात. विहार निळा, आमचं दार निळं. नागपुरात १९४२ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष स्थापन केला, त्याचा झेंडा निळा होता, आणि तो रंग आमच्या घरापर्यंत आला. पाचांत निळा असणार याबद्दल मला कधीच प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो कापडावर कसा आणायचा.

कारण भिंतीची नीळ आणि कापडाची नीळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. भिंतीला लागते ती अल्ट्रामरीन, कारखान्यातली पूड. ती चुन्यात टिकते, पण सुतात शिरत नाही. धुतली की गेली. कापडाला लागते ती झाडाची नीळ, जी पाण्यात विरघळतच नाही. प्राणवायू नसलेल्या रांजणात तिचं रासायनिक रूप बदललं तरच ती विरघळून सुतात उतरते आणि बाहेर हवा लागली की तिथेच अडकून बसते.

रांजणाचं माप : १ भाग नीळ, २ भाग चुना, ३ भाग गूळ. नीळ तामिळनाडूतून मागवलेली. रांजण कोठ्यात (गोठ्यात) अर्धा पुरलाय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्यामुळे पाणी वेगळं तापवावं लागलं नाही. विदर्भाचा उन्हाळा रांजणाला मानवतो. रांजण लागल्याची खूण : वर तांबूस चकाकणारी साय, मधोमध निळ्या फेसाचं फूल आणि साय सारली की खाली निळा नव्हे तर पिवळसर हिरवा द्रव. कापड त्यात हलक्या हातानं सोडायचं, बुडबुडे होऊ द्यायचे नाहीत. वर काढलं की हिरवं असतं. मग काठाकडून निळं व्हायला लागतं, आणि घडीच्या आतला भाग सगळ्यात शेवटी. हे बघायला मोहल्ल्यातली पोरं रोज जमतात.

मिळाला तो निळा भिंतीसारखा नाही. भिंतीचा जांभळ्याकडे झुकतो, हा किंचित हिरव्याकडे. आधी मला तो परका वाटला. आता वाटत नाही, कारण मुद्दा पुढेच होता.

दोन्ही कापडं शेजारी टाचली तेव्हा माझा काळा निळ्याजवळ तपकिरी, फिका दिसायला लागला. पळसाच्या पिवळ्याजवळ ठेवला तर तोच काळा निळसर झाला. एकाच कापडाचे दोन तुकडे, तरी कुणी मानायला तयार नाही. ही जुनीच अडचण आहे. पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख असलेल्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की निळ्या-जांभळ्या विणीतला काळा धागा दम धरत नाही. त्यांनी धागे तपासले, तर दोष रंगाईत नव्हताच. शेजारच्या निळ्यामुळे डोळा काळ्यावर नारिंगी छटा चढवत होता. १८३९ साली त्यांनी यावर सविस्तर लिहिलं.

मला हे वाचून एकदम माझंच आठवलं. नागपूरच्या वर्गात मी गावाकडची असते, गावात आले की नागपूरवाली. मी तीच, शेजार बदलतो. सरांनी पहिल्या सादरीकरणात विचारलं होतं, निळा पुरेसा बोलका आहे, मग काळा कशाला? तेव्हा मी वावराबद्दल बोलले. आता माझ्याकडे कापड आहे.

जुन्या रंगाऱ्यांचा पक्का काळा असा बनायचा : आधी कापड निळीत गडद करायचं, मग हिरडा, मग लोखंड. खालचा निळा वरच्या करड्याला खोली देतो. मी तसंच केलं. हा काळा निळ्याशेजारी ठेवला तरी तपकिरी होत नाही, पिवळ्याशेजारीही आपल्या जागी राहतो. कापड उन्हात तिरकं धरलं आणि झिजलेली कड पाहिली तरच खालचा निळा कळतो. सरांना दाखवलं. त्यांनी कड बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, हीच कड बाहेर राहील अशी शिलाई कर.

तिसरा रंग पांढरा, म्हणजे सोड्यात उकळलेलं पण ब्लीच न केलेलं कापड. त्यामागे आजीच्या आईचं लुगडं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती नागपूरला दीक्षाभूमीवर गेली ती पांढरं नेसून. आजी सांगते, “मायच्या घरी दुसरं धड लुगडंच नव्हतं, धुऊन धुऊन पांढरं केलं होतं.” ब्लीचच्या पांढऱ्याजवळ माझा पांढरा साईचा दिसतो, काळ्याजवळ स्वच्छ. तो काळ्याजवळच राहणार.

पळसाचा पिवळा मात्र अजून पक्का धरलेला नाही. फुलं होळीच्या सुमारास गोळा केली होती. तुरटीवर सुंदर पिवळा येतो, चिमूटभर चुना टाकला की नारिंगी. पण ऊन सोसत नाही. एका पट्टीवर अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून टिनावर ठेवली होती, उघडा भाग स्पष्ट उतरलाय. वस्तू म्हणून वाकळ करतेय, ती घरात वापरायची आहे, त्यामुळे पिवळा आतल्या बाजूला घ्यायचा विचार आहे. पाचवी जागा अजून रिकामी.

पाऊस लागायच्या आत दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, गावतळ्याचा गाळ. आफ्रिकेतल्या माली देशात टॅनिन दिलेल्या कापडावर तळ्याचा मुरवलेला गाळ लावून काळा काढतात. आपल्या गाळातलं लोखंड तेवढं मोकळं आहे का, हे हिरड्याच्या पट्टीवर लावूनच कळेल. दुसरी, तरोट्याचा (टाकळ्याचा) रांजण. दक्षिणेत निळीचा रांजण आंबवायला तरोट्याचं बी वापरतात आणि आपल्याकडे तर तो धुऱ्याधुऱ्यावर उगवतो. आपण भाजी खाऊन बी सोडून देतो. मागच्या दिवाळीच्या सुमारास जमवलेलं बी घरात आहे. शिजवून लगदा करायचा आणि चुना-निळीबरोबर मुरवायचा, एवढं माहीत आहे. कुणी केलं असेल तर निळीच्या वजनाला बी किती घेतलं आणि चुना पुन्हा कधी टाकला, ते नक्की कळवा. गुळाच्या रांजणाशेजारीच लावणार आहे, म्हणजे दोन्ही निळ्यांच्या पट्ट्या पुढच्या नोंदीत एकत्र दाखवता येतील.