नट घट्ट, पाटे ढिले

दारव्ह्याकडची जुनी कमांडर जीप गॅरेजला आली. तक्रार एकच: "भाऊ, स्टेरिंग सोडलं का गाडी उजवीकडे पयते." अलाइनमेंट करून झालेलं, पुढचे शॉकअप नवे. ओढ तशीच.

हवा सारखी केली. पुढचे टायर डावे-उजवे बदलले. दोष टायरचा असता तर ओढीची बाजू बदलली असती. चाकं उचलून फिरवली, ब्रेक कुठे धरत नव्हता. मग पोऱ्याला मागे उभं करून जीप सरळ पुढे नेली. मागची चाकं डावीकडे सरकून चालत होती.

आता टेप. स्टेरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं. डावीकडे 20 मिमी जास्त! जुन्या जीपला 4-5 मिमी मी चालवून घेतो, एवढे नाही. मागचं डावं चाक मागे सरकलं की गाडीची शेपटी डावीकडे आणि तोंड उजवीकडे जातं. पुढचं अलाइनमेंट मग कितीही करा.

खाली पाहिलं तर डाव्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या) बुडाशी यू-बोल्टलगत गंजाची लाल भुकटी आणि घासून चकाकलेली लोखंडाची रेघ. पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा सेंटर बोल्ट तुटलेला. हा बोल्ट फक्त जागा राखतो. पाटे ॲक्सलला (दोन्ही चाकांमधल्या आडव्या दांड्याला) आवळून धरायचं काम यू-बोल्टचं. ते ढिले पडले की सगळा धक्का सेंटर बोल्टवर येतो.

पण नट तर पान्याला हलेनात. मालकाला विचारल्यावर कळलं, कापसाची खेप बंद करून लग्नाच्या सवाऱ्या धरल्या तेव्हा गाडी मऊ व्हावी म्हणून दोन पाटे काढले होते. यू-बोल्ट मात्र जुनेच. थर कमी झाल्यावर नट आटे संपेपर्यंत गेला आणि तिथेच अडकला. हाताला घट्ट, पाट्यांना ढिला. (मऊपणाच हवा होता तर आधी पाट्यांमधला गंज साफ करून पाहायचा.)

चेसिसखाली घोडी लावून पाटे उतरवले. हाय टेन्साइल सेंटर बोल्ट घेतला, डोकं ॲक्सलच्या भोकात खेळ न राहता बसेल असं. यू-बोल्ट मापाचे, आखूड आणि नवे. ताणलेले जुने परत वापरत नाही. नट तिरपे आळीपाळीने थोडे थोडे आवळले, शेवटचा ताण गाडी चाकांवर उतरवून दिला. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) बोल्टही तेव्हाच, नाहीतर रबरी बुश पिळलेला राहून लवकर फाटतो.

पुन्हा मोजलं, फरक 3 मिमी. पैसे घेताना मालकाला बजावलं: 500 किलोमीटर झाले की यू-बोल्ट आवळायला गाडी आणायची, ओढ असो वा नसो.