मामादू दिया यांचा डिसेंबर

रविवार, रात्र

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या मामादू दियांवर आज बरंच वाचलं. माणूस मूळचा शाळामास्तर, खोंबोलचा, जन्म १९१०. कवी सेंघोर यांच्यासोबत त्यांनी १९४८ साली पक्ष काढला. सेंघोर पॅरिसमध्ये नावाजलेले, दियांचा जीव मात्र गावागावातल्या सहकारी संस्थांत. १९५७ पासून सरकारची सूत्रं दियांकडे. १९६० साली देश स्वतंत्र झाल्यावर सेंघोर राष्ट्राध्यक्ष, दिया पंतप्रधान. जोडी जमली होती.

मोडली ती बरीचशी भुईमुगावरून. देशाचा पैसा त्याच पिकातून यायचा. शेतकरी पेरायचा आणि नफा व्यापारी, दलाल नि फ्रेंच कंपन्या घेऊन जायच्या. दियांनी खरेदी सहकारी संस्था आणि सरकारी मंडळाकडे वळवली. मग काय, व्यापारी बिथरले, मोठमोठी शेती बाळगणारे धर्मगुरू बिथरले, आमदारही कुरकुरू लागले.

१९६२ च्या डिसेंबरात अविश्वास ठराव आला. दियांचं म्हणणं, आधी पक्षात निर्णय होऊ द्या. म्हणणं चुकीचं नव्हतं. पण १७ तारखेला त्यांनी संसद रिकामी करायला पोलीस धाडले, आणि इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. सभागृहाला कुलूप लावून कुणी लोकशाही वाचवतं का? आमदार सभापती लामिन गेय यांच्या घरी जमले नि ठराव तिथेच मंजूर केला. दुसऱ्या दिवशी दियांना बंडाच्या आरोपावरून अटक झाली.

तरी याला बंड म्हणणं मला जड जातं. सत्ता बळकवायला निघालेला माणूस फौज आधी हाताशी धरतो. इथे छत्रीधारी सैनिक सेंघोर यांच्याच बाजूने होते. १९६३ च्या मे महिन्यात दियांना जन्मठेप झाली. सोबत चार मंत्री, त्यात रेल्वे संपाचे पुढारी इब्राहिमा सार. तुरुंगाची जागा केदूगू, राजधानी डाकारपासून शेकडो किलोमीटर दूर, भाजून काढणाऱ्या उन्हाची. प्रत्येकजण वेगळ्या कोठडीत.

त्याच वर्षी नव्या राज्यघटनेत पंतप्रधानपदच काढून टाकलं. १९७० साली ते सेंघोर यांनीच परत आणलं, नेमले अब्दू दियूफ. ते पद ज्याने सांभाळलं होतं, तो तेव्हाही केदूगूतच होता. वाचून चीड आली.

१९७४ साली सुटले तेव्हा नजर पार अधू झालेली. तरी १९८३ मध्ये पठ्ठ्या अध्यक्षपदाला उभा राहिला! मतं नगण्य पडली. वारले २००९ साली, तोवर सरकारांना सुनावणं काही थांबवलं नाही.