आईच्या टाचेवरचा तीळ

रात्री झोपताना आईच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायची, हे आमच्याकडे कित्येक वर्षं चालू आहे. ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल, दहा मिनिटं घासलं की तळवा काळाकुट्ट होतो, मग गरम पाण्याच्या फडक्याने पुसायचं. मागच्या पावसाळ्यात असंच पुसत होते आणि उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला एक डाग काही केल्या जाईना. म्हटलं वाटीचं काळं राहिलं असेल, परत घासलं, तरी तसाच. आई म्हणाली, "अगं तो तीळ आहे, जुना आहे, तळपायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग." मी पण सोडून दिलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ती म्हणायला लागली की चालताना तिथे टोचतं. आम्ही कोपरीला राहतो, जवळच एका दवाखान्यात दाखवलं, तिथे कुरूप आहे म्हणून सांगितलं, कॉर्न कॅप दिली. ती आम्ही इमानदारीत दीड महिना लावली. या दीड महिन्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण कॅप काढली की खालचा डाग दर वेळी थोडा वेगळा दिसायचा आणि मला वाटायचं औषधाने कातडं काळं पडलंय.

शेवटी एकदा खिडकीपाशी पाय घेऊन नीट बघितलं. एक बाजू काथासारखी तपकिरी, दुसरी कोळशासारखी काळी, मध्ये एक राखाडी पट्टा, आणि कडा अशी की ओल्या कागदावर शाई फुटावी. बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढला तेव्हा कळलं की पेन्सिलीच्या जाडीपेक्षा बराच मोठा झालाय. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि नौपाड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टर फार शांत बाई. जेल लावून डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, टाचेवर टेकवला आणि मला पण स्क्रीनवर दाखवलं. आई मूळची गावाकडची, म्हणून तिला कळेल असं सांगितलं, "काकू, तळव्यावरच्या रेघा म्हणजे शेतातली सरी आणि वरंबा समजा. साध्या तिळाचा रंग बहुतेक सरीत राहतो. तुमचा रंग वरंब्यावर चढलाय, म्हणून मला काढून तपासायचाय." आईने एवढंच विचारलं, सुरी लावली की पसरतं म्हणतात ना? त्या म्हणाल्या, बायोप्सीने पसरत नाही, न तपासता ठेवला तर मात्र वाढतो.

तीळ थोड्या कडेसकट काढला. रिपोर्ट आला, मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, जाडी ०.६ मिलिमीटर. या आजारात सगळ्यात आधी ही जाडी बघतात, कातडीत किती खोल गेलाय ती, आणि १ मिलिमीटरच्या आत असला तर बहुतेकांचं ऑपरेशनवरच भागतं, म्हणजे दीड महिना घालवूनही आम्ही वेळेत पोचलो होतो. मग पुन्हा ऑपरेशन करून चारी बाजूंनी १ सेंटीमीटर कातडी काढली, मांडीची कातडी लावली, आई बरेच आठवडे टाच टेकवू शकत नव्हती. आता दर तीन महिन्यांनी तपासणी.

मला जे सांगायचंय ते हे, की आपण तीळ म्हटलं की चेहरा नाहीतर पाठ बघतो, आणि मेलानोमा म्हणजे उन्हाचा, गोऱ्या लोकांचा आजार असं वाटतं. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो एकूण कमीच होतो, पण झाला तर बरेचदा तळपाय, तळहात, नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नाही. गायक बॉब मार्लेचा पण पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच होता, १९७७ मध्ये, फुटबॉल खेळताना लागलंय असं वाटलं होतं, १९८१ मध्ये तो गेला, वय ३६.

घाबरायचं नाही, बहुतेक तीळ आयुष्यभर निरुपद्रवीच असतात. पण एक अर्धा दुसऱ्यासारखा नसेल, कडा वेडीवाकडी असेल, एकाच तिळात दोन-तीन रंग असतील, ६ मिलिमीटरच्या वर गेला असेल तर दाखवून या. आणि बदल दिसला तर आकार कितीही लहान असू दे, माझ्या मते ही सगळ्यात मोठी खूण. रक्त येणं, खाज, न भरणारी जखम हे पण बदलच. अंगावरच्या बाकीच्या तिळांपेक्षा एकच वेगळा दिसत असेल तरी दाखवा. नखात उभी काळी रेघ सावळ्या लोकांना असते, बरेचदा अनेक नखांत असते आणि साधी असते, पण एकाच नखात नवीन आली, रुंद होत गेली किंवा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर थांबू नका.

आणि कृपा करून चुना-सोडा लावून तीळ जाळू नका, पार्लरमध्ये लेझर पण नको. जळून गेला की तपासायला काही उरतच नाही, आणि खाली काय होतं ते कुणालाच कळत नाही.

मी आता महिन्याच्या एक तारखेला घरातल्या सगळ्यांचे तळपाय बघते, नाणं ठेवून फोटो, मोबाइलमध्ये वेगळा फोल्डर, म्हणजे मागचा फोटो शेजारी लावून बघता येतो. बोटांच्या मधल्या जागा पण. वाटी अजून घासते, पण आधी पाय धुऊन, उजेडात बघून मगच. परवा मावशी राहायला आली तेव्हा तिचे पण बघितले, डाव्या अंगठ्याच्या नखात एक रेघ आहे, ती म्हणते दाराला चेमटलं होतं, पण कधी ते आठवत नाही. शनिवारी सकाळची साडेदहाची अपॉइंटमेंट घेतलीये.