उरणच्या मोहाच्या भट्ट्यांच्या मागावर

मुंबईत एकेकाळी जी देशी दारू विकली जायची, तिचा मोठा हिस्सा खाडीपलीकडच्या उरणहून यायचा. मोहाच्या फुलांची दारू, पारशी मालकांच्या भट्ट्या, आणि मोरा बंदरातून मुंबईकडे जाणारी पिंपं. आज उरण म्हटलं की लोकांना जेएनपीटी बंदर आठवतं, कंटेनरच्या रांगा आठवतात, चिरनेरचा जंगल सत्याग्रह आठवतो. भट्ट्यांचं नावही कुणी काढत नाही. शेकडो माणसांचं पोट ज्या धंद्यावर चाललं, तो असा पुसला जाणं मला बरं वाटत नाही. म्हणून हा शोध सुरू केला. मागून कुणाला यायचं असेल तर वाट सोपी व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, सुरुवात उरणला करू नका. आधी गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ वाचा, आणि तेही कुलाब्याचं नव्हे, ठाण्याचं. उरण आज रायगडात असलं तरी कॅम्पबेलने संपादित केलेली ठाण्याची गॅझेटियरं 1882 साली निघाली तेव्हा हा सगळा भाग, म्हणजे पनवेल आणि त्याला जोडलेला करंजा पेटा (छोटा तालुका), ठाणे जिल्ह्यात होता. नंतर तो कुलाब्यात गेला, आणि 1981 साली कुलाब्याचं नाव रायगड झालं. कुलाब्याच्या खंडात उरण शोधत बसणारे हात हलवत परततात. ठाण्याचा तेरावा खंड दोन भागांत आहे. त्यातला व्यापाराचा आणि अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा, मजकूर आधी वाचा, मग चौदाव्या खंडातली गावांची माहिती. तिथे ‘करंजा’ या नावाखालीही बघा, कारण जुन्या कागदांत उरणच्या अख्ख्या बेटाला करंजाच म्हणत. पोर्तुगीज, मग मराठे, आणि 1774 पासून इंग्रज, असं हे बेट हातोहात गेलं. दर सत्तेबरोबर कागदाची भाषा बदलली. गॅझेटियरं राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

दुसरा टप्पा म्हणजे काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. ओळखपत्र, संशोधनाचा विषय लिहिलेला अर्ज आणि शक्य असेल तर एखाद्या संस्थेचं पत्र बरोबर ठेवा. परवानगीचे नियम बदलत असतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. पेन घेऊन जाऊ नका, शिसपेन्सिल न्या. जुन्या कागदांजवळ पेन ठेवणं दप्तरखान्यात चालत नाही.

आता खरी मेख. ‘भट्टी’ किंवा ‘दारू’ म्हणून मागणी केलीत तर हाती फारसं लागणार नाही. सरकारला दारूत नव्हे, दारूच्या करात रस होता. त्यामुळे सगळा इतिहास महसूल विभागाच्या अबकारी कागदांत दडला आहे. 1878 सालचा मुंबई अबकारी कायदा हा मैलाचा दगड. त्याच्या पुढची-मागची दहा-दहा वर्षं आधी घ्या. कस्टम्स, मीठ, अफू आणि अबकारी ही सगळी खाती एकाच कमिशनरच्या हाती होती आणि त्या काळी ते पद चार्ल्स प्रिचर्डकडे होतं. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद पाडायच्या, मोजक्या ठिकाणी सरकारी पहाऱ्यात दारू गाळायची, आणि विक्रीचा मक्ता बड्या मक्तेदाराला द्यायचा, अशी ती व्यवस्था. उरणची भरभराट आणि माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचे हाल या दोन्हींचं मूळ त्यात आहे. माडीसाठी माड छेवायचा तर झाडामागे कर, झाडावर क्रमांक. 1880च्या दशकात भंडारी या कराविरुद्ध उठले, ते उगाच नाही. पिढ्यान् पिढ्या घरच्या माडावर चढणाऱ्या माणसाला आपल्याच झाडासाठी परवाना काढावा लागत होता.

पुढे 1892 साली मोहाचा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. ज्या कातकरी-ठाकरांना उन्हाळ्यात ती फुलं खाऊन दिवस काढावे लागत, त्यांच्या टोपलीवर सरकारची नजर गेली. त्याच वेळी भट्ट्यांसाठी मात्र गुजरातेतून, पंचमहालाकडून पोती येत होती. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथे आहे. उरणची कुठलीही गोष्ट कातकऱ्यांना वगळून सांगू नये.

कागदांत ‘25 यू.पी.’ आणि ‘60 यू.पी.’ (यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ, प्रूफच्या खाली) असे आकडे सारखे येतात, तिथे थांबून राहू नका. प्रूफ दारू म्हणजे आकारमानाने सुमारे 57 टक्के अल्कोहोल. 25 यू.पी. म्हणजे त्याहून पंचवीस टक्के खाली, साधारण 43 टक्के. 60 यू.पी. म्हणजे साधारण 23 टक्के. पहिली कडक, दुसरी गरिबाची. कर या कडकपणावर ठरायचा, म्हणून हिशेबाचा प्रत्येक कागद या आकड्यांभोवती फिरतो.

एवढं वाचून झाल्यावर उरणला या. रेल्वे सोयीची आहे, जानेवारी 2024 पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. पण एकदा तरी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचने या. डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सी करा. तासाभराचा प्रवास आहे आणि तोच या दारूचा रस्ता होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. मोऱ्याला गाळ साचल्यामुळे मोठ्या ओहोटीत लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या रद्द होतात. पावसाळ्यात तर विचारूनच निघा.

मोऱ्याहून गावाकडे रिक्षाने जाऊ नका, चालत जा. भट्टीला तीन गोष्टी लागायच्या: पाणी, सरपण आणि बंदर. फुलं काही दिवस पाण्यात भिजत घालून आंबवायची, तांब्याच्या भांड्यात उकळायची, आणि वाफ थंड करायला पुन्हा पाणी. तेव्हा विहिरी आणि तळी यांच्या कडेकडेने शोधा. गावातल्या विमला तलावाशी बसणारी म्हातारी माणसं संध्याकाळी भेटतात. त्यांना थेट दारूबद्दल विचारू नका, माणूस आखडतो. ‘काका, बंदरावर पूर्वी काय माल उतरायचा?’ असं विचारा. मला एका काकांनी आधी मिठाचं सांगितलं, मग कौलांचं, आणि मग आपणहून म्हणाले, ‘मोहाची पोती यायची ना. आमच्या आज्याने वाहिलीत. पाठीला वास राहायचा म्हणे, आजी घरात घ्यायची नाही.’

तो वास कसा असेल ते मला पुढे कळलं. चैत्रात त्या बाजूच्या एका बाजारात कातकरी बाई वाळलेली मोहाची फुलं विकायला बसली होती. मनुकांसारखी दिसतात, तपकिरी, चिकट. मूठभर हातात घेतली तर गोडसर, जरा आंबूस, शिळ्या गुळाकडे झुकणारा दर्प बोटांना दिवसभर राहिला. ताजी फुलं पहाटे झाडाखाली वेचतात, ऊन चढलं की गुरं खातात, असं तिने सांगितलं. भाकरीच्या पिठात घालतात, तेही तिनेच. मी भाव न करता अर्धा किलो घेतली. तुम्हीही भाव करू नका.

भट्ट्यांची नेमकी जागा काढायची तर भूमी अभिलेख कार्यालय आणि ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, बघावे लागतील. पारशी आडनावं दिसली की तो गट नंबर टिपून ठेवा. जुनी पानं मोडीत असतात, मोडी वाचणारं कुणी बरोबर असू द्या. किनाऱ्याची रेषा जुन्या नकाशाशी जुळवायचा हट्ट धरू नका. बंदरासाठी इतका भराव पडला आहे की खाडीची कितीतरी टोकं आता जमिनीत गेली आहेत.

1949च्या दारूबंदी कायद्याने मुंबई प्रांतात सगळंच बदललं, त्यामुळे 1950नंतरचे कागद बहुतेक खटल्यांचे असतात. ते जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला शोधा. उरणहून करंजाला जाऊन रेवसची लाँच पकडा, रेवसहून अलिबागला एसटी आहे. सकाळीच निघा, कारण अभिलेख कक्षात दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर गठ्ठा निघायला वेळ लागतो, आणि परतीची लाँच पुन्हा भरतीवर अवलंबून असते.