डेटाबेसमधल्या ‘दऱ्या’ आणि नॉर्मलाइझ: माझा अनुभव

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये १३व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे; एकच अक्षर वेगवेगळ्या कोडचिन्हांनी (युनिकोडमधल्या क्रमांकांनी) लिहिले असेल तर ते एकसारखे करते. डेटाबेसचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ हवे. त्याचे चार प्रकार आहेत; कोणता ते सांगितले नाही तर एनएफसी, म्हणजे सुटे भाग जोडणारा प्रकार, धरला जातो. एका अपडेटमध्ये सगळा कॉलम नॉर्मलाइझ झाला, आणि तरीही ‘दऱ्या’ शोधल्यावर बऱ्याच नोंदी येईचनात.

स्क्रीनवर दोन्ही शब्द हुबेहूब एकच दिसतात, त्यामुळे बघत बसण्यात अर्थ नाही. कन्व्हर्ट-टू या फंक्शनने बाइट काढा आणि त्यांवरून कोडचिन्हे ओळखा. एका नोंदीत ऱ (०९३१) आणि हलन्त (०९४डी) निघाले. दुसरीत साधा र (०९३०), हलन्त आणि त्यामागे २००डी, म्हणजे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. दोन्ही पद्धती वैध आहेत, पण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. म्हणून एनएफसी, एनएफडी, एनएफकेसी, एनएफकेडी यांपैकी काहीही लावा, त्या एक होत नाहीत. सुटा र आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब (०९३सी), असता तर एनएफसीने ऱ केला असता. नुक्ता चुकून हलन्तानंतर पडला असता तरी क्रम लावून घेतला असता. जॉइनरला मात्र ते हात लावत नाही. देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्याला हे पहिल्या पानावर सांगायला हवे!

चिडून सगळे जॉइनर उडवू नका. ‘दर्‍या’मधला जॉइनर गेला की उरतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र. आचाऱ्यांचे आचार्य होतात. मूळ प्रत नसेल तर मग कुठला शब्द कोणता होता हे सांगता येत नाही. रिप्लेसने फक्त ०९३०, ०९४डी, २००डी या सलग तिघांच्या जागी ०९३१, ०९४डी घाला. ‘ॲ’चेही तसेच: ०९७२ एकसंध आणि अ अधिक ॅ (०९०५, ०९४५) यांनाही नॉर्मलाइझ जोडत नाही.

अपडेटच्या आधीच बघायची गोष्ट: एनएफसी नेहमी जोडतेच असे नाही. क़ ते य़ (०९५८ ते ०९५एफ) ही अक्षरे ते उलट फोडते. एकाची दोन कोडचिन्हे होतात, आणि व्हारकॅर कॉलमची अक्षरमर्यादा काठोकाठ असेल तर अपडेट एरर देऊन थांबतो.

नॉर्मलाइझ आणि रिप्लेस एकाच इम्युटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणाऱ्या) फंक्शनमध्ये ठेवा, त्यावर युनिक इंडेक्स (दुबार नोंद न स्वीकारणारी सूची) करा आणि शोधशब्दही त्याच फंक्शनमधून न्या. आधी ग्रुप बायने दुबार नोंदी शोधून मिटवा, नाहीतर इंडेक्स बनतच नाही.