पाच घरांची वस्ती

कुणी पत्ता विचारला की मी म्हसवड रोडवरचा फाटा सांगते. त्यापुढचं सांगून उपयोग नसतो. फाट्यावरून ओढ्याकडं वळायचं, बाभळीखालचा डीपी दिसला की डावीकडं. पुढचं कुत्रीच सांगतात. कुरिअरवाला फाट्यावरच्या टपरीत पार्सल टाकून जातो आणि टपरीवाला फोन करतो, "वहिनी, खोकं आलंय." लागला तर. रेंज फक्त विहिरीच्या कट्ट्यावर.

साताऱ्याहून लग्न होऊन इथं आले तेव्हा वाटलेलं, पाचच घरं, कुणाची कटकट नाही. येडेपणा नुसता. पेठेत भिंतीपलीकडं कोण राहतं ते मला माहीत नव्हतं. इथं लांबच्या घरात रात्री बल्ब लागला की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणातूनच विचारतात, "तात्यांच्यात म्हस व्याली का काय?"

त्याच तात्यांशी गेल्या उन्हाळ्यात आमचं बांधावरून वाजलं. नांगरटीत हातभर बांध कोरला गेला. कुणी कोरला, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. बोलणं बंद. दिवाळीला मी फराळाचं ताट भरलं होतं, आत्यांनी ते झाकून फडताळात ठेवलं.

मग फेब्रुवारीत शाळू वाळला.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आमच्याकडं मुळासकट उपटतात. मालदांडीची ताटं माणसापेक्षा उंच, आणि ओढ्याकडेच्या काळ्या रानाला तोवर भेगा पडलेल्या. दोन-तीन ताटं मुठीत धरायची, कमरेतून हिसडा द्यायचा, मूळ निघालं की पायावर आपटून माती झाडायची. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी फुटतात. भाकरी थापताना खरी मजा. मजुरी द्यायची म्हटलं तरी माणूस मिळत नाही, कारण त्याच आठवड्यात सगळ्यांचाच शाळू वाळलेला असतो. म्हणून पैरा. आज तुमच्यात आम्ही, उद्या आमच्यात तुम्ही, दिवसाला दिवस.

आमच्या काढणीला सकाळी उजाडताना तात्यांच्यातल्या काकी आल्या. डोक्याला फडकं, माझ्याकडं न बघता शेजारची पात धरली. आत्यांनी नुसतं "च्या घेतला का?" विचारलं, तेही रानाकडं बघून. न्याहारीपर्यंत ताटांचा आवाज तेवढा. मग माझी ओढाताण बघवेना बहुतेक. "खालनं धर गं, मनगट जाईल." नऊ-दहा महिन्यांतलं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्यांच्या रानात होतो.

बांधाचं मिटलेलं नाही. मोजणीचा अर्ज केलाय, तारीख यायचीय.

या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे. हे साडेबाराला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातात, कांद्याला पाणी द्यायचं असतं. तात्याही त्याच वेळी त्यांच्या विहिरीवर. दोघं अजून बोलत नाहीत. पण विंचूकाट्याचं रान, अंधारात एकट्या माणसाचं काय सांगावं. स्टार्टरनं मोटर उचलली की हे पलीकडं दोनदा बॅटरी मारतात. मी दारात उभी असते. थोड्या वेळानं तिकडून दोनदा उजेड येतो, तेव्हा कडी लावून झोपते.