सड्यावरच्या रेषा आणि संगणकांचे तट

राजापूर तालुक्यातील सड्यांवरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पे टिपायला मी नेहमी पहाटे निघतो, कारण सूर्य वर आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रकाश जमिनीलगत तिरपा येतो आणि जांभ्यात कोरलेल्या उथळ रेषांच्या कडेला सावली धरते. उन्हे डोक्यावर आली की त्याच रेषा दिसेनाशा होतात. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झालेल्या कोकणातील स्थळांपैकी कशेळी, बारसू, देवाचे गोठणे आणि रुंढे तळी येथे मी अनेकदा गेलो आहे, आणि प्रत्येक वेळी मला हेच जाणवले आहे की छायाचित्राचे अर्धे काम सड्यावर होते, तर उरलेले अर्धे घरी संगणकासमोर बसून पूर्ण करावे लागते.

याचे कारण असे, की कातळ आणि कोरीव रेषा यांचा रंग जवळजवळ एकच असतो. दोहोंमधील उजेडाचा फरक फार थोडा असतो आणि तो कर्व्हज या उजेड-अंधार जुळवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने ताणून मोठा करावा लागतो. कॅमेऱ्याची रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली मूळ, फाइल १४ बिटची असेल तर तिच्यात उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात. ८ बिटमध्ये त्या केवळ २५६ उरतात. अशा मोजक्या पायऱ्यांपैकी दहा-पंधरा घेऊन त्या ताणल्या, तर कातळाच्या पोताऐवजी चित्रात पट्टे उमटतात आणि खरी रेषा कोणती हे सांगणे कठीण होते. विनामूल्य मिळणाऱ्या गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये २.८ आवृत्तीपर्यंत ८ बिटचीच मर्यादा होती. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीने १६ आणि ३२ बिटचे काम शक्य केले. माझ्या दृष्टीने त्या वर्षीची ती बातमी कोणत्याही नव्या कॅमेऱ्यापेक्षा मोठी होती.

माझा मुंबईचा मामेभाऊ पहिल्यापासून मॅकवर, म्हणजे ॲपलच्या संगणकावर, काम करतो; मी आधी विंडोजवर होतो आणि आता लिनक्स वापरतो. २००७ च्या शिमग्यात आम्ही दोघांनी मिळून पालखीची छायाचित्रे काढली आणि त्याने ती आपल्या मॅकवर तयार करून मला पाठवली. त्याच्या पडद्यावर भालदारांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. माझ्याकडे उघडल्यावर मात्र सारे काळवंडलेले होते आणि लॅबमधून आलेले प्रिंटही तसेच निघाले. त्या वेळी मॅकचा प्रमाणित गॅमा (पडद्यावर मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारा आकडा) १.८ होता आणि विंडोजचा २.२, त्यामुळे रंगांची प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंग कसे दाखवायचे हे सांगणारी माहिती, न जोडलेली फाइल मॅकवरून विंडोजवर गेली की गडद दिसत असे. २००९ च्या स्नो लेपर्ड या प्रणालीपासून मॅकनेही २.२ स्वीकारला. पण २००७ च्या गणपतीत आम्ही दोघे आपापल्या यंत्राची बाजू घेऊन तावातावाने भांडलो होतो. वास्तविक दोष कोणत्याच यंत्राचा नव्हता, प्रोफाइल जोडण्याची काळजी आम्ही दोघांनीही घेतलेली नव्हती.

चित्रांचे काम मॅकवरच करावे, या समजुतीला इतिहासाचा आधार आहे. १९९० साली आलेले पहिले फोटोशॉप केवळ मॅकसाठी होते आणि विंडोजवाल्यांना त्यानंतर दोन-तीन वर्षे थांबावे लागले. पण एकाच यंत्राशी बांधलेल्या सॉफ्टवेअरचे काय होते, हेही त्याच इतिहासात आहे. ॲपलचे ॲपर्चर हे छायाचित्रांचे सॉफ्टवेअर २००५ मध्ये आले, पुढे बरेच स्वस्तही झाले, आणि २०१४ मध्ये कंपनीने त्याचा विकास थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांनी वर्षानुवर्षांची निवड आणि दुरुस्त्या त्यात साठवल्या होत्या, त्यांना सारे दुसरीकडे हलवणे भाग पडले. विंडोजपुरते असलेले पेंट डॉट नेट विनामूल्य आणि चांगले आहे, तरी मामेभावाला ते उपयोगाचे नाही. म्हणून सॉफ्टवेअर स्वस्त आहे की नाही हे ठरवताना ते ज्या यंत्राखेरीज चालत नाही त्या यंत्राची किंमतही हिशोबात धरली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न हप्त्यांचा. २०१३ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने आपली मुख्य सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनवर नेण्याचे जाहीर केले. ज्यांना दरमहा पगार मिळतो त्यांना हे सोयीचे असेल. परंतु आमच्याकडे लग्नसराई, पर्यटक आणि आंबा यांवर वर्षाची मिळकत ठरते, आणि जूनपासून चार महिने छायाचित्रकाराच्या हाती फारसे काही पडत नाही. हप्ता मात्र पावसातही येतो. याच कारणाने एकदाच पैसे भरून घेता येणारे ॲफिनिटी फोटो हे सॉफ्टवेअर २०१५ मध्ये मॅकवर आणि पुढच्या वर्षी विंडोजवर आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. २०२४ मध्ये त्याची कंपनी कॅन्व्हाने घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ते खाते उघडून विनामूल्य मिळते. लिनक्ससाठी त्याची आवृत्ती नाही, एवढी खंत मला आहे.

आता माझी रॉ फाइल डार्कटेबलमध्ये उघडते. २००९ पासून लिनक्सवर वाढलेले हे सॉफ्टवेअर मॅकवर चालते आणि डिसेंबर २०१७ च्या २.४ आवृत्तीपासून विंडोजवरही. मूळ फाइलला ते हात लावत नाही. केलेल्या सर्व दुरुस्त्या शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवते. अंतिम चित्र मी १६ बिटच्या टिफ या फाइल-प्रकारात, प्रोफाइल जोडून जपतो.

गेल्या दिवाळीत मामेभाऊ घरी आला होता. पडवीत दोन्ही संगणक शेजारी मांडून आम्ही कशेळीच्या हत्तीची एकच रॉ फाइल आणि तिची एक्सएमपी दोन्हीकडे उघडली. दोघांकडे डार्कटेबलची आवृत्ती एकच असेल हे आधी पाहिले होते. दोन्ही पडद्यांवर रेषा सारख्याच उमटल्या. मग तो वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "अरे, सोंडेच्या खाली आणखी काहीतरी कोरलेलं आहे बघ." पाऊस सरून सड्यावरचे गवत वाळत आले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघेही कशेळीला निघालो.